सनद आणि वहिवाट : सेंटओएस वापरणाऱ्या व्यावसायिकांच्या अनुभवांची प्रस्तावना

सर्व्हरवर चालणाऱ्या कार्यप्रणालींविषयी आजवर जे विपुल लिखाण झाले आहे, त्याचा फार मोठा भाग त्या प्रणाली घडविणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी अथवा शिकविणाऱ्यांनी लिहिलेला आहे. ज्यांच्या हिशेबवह्या, मालाच्या याद्या, पगारपत्रके आणि ग्राहकांची खाती या प्रणालींच्या भरवशावर वर्षानुवर्षे राहिली, त्या व्यावसायिकांनी आपली बाजू क्वचितच मांडली आहे. घडविणाऱ्याला आपल्या कृतीचा अभिमान असतो, विकणाऱ्याला तिचा खप व्हावयास हवा असतो आणि शिकविणाऱ्याला तिची अंगोपांगे उलगडून दाखवावयाची असतात. वापरणाऱ्याची इच्छा मात्र एवढीच असते की, या वस्तूची आठवण काढण्याचा प्रसंग आपल्यावर येऊ नये. जोवर सर्व सुरळीत चालते तोवर तो बोलत नाही, आणि ज्या दिवशी तो बोलू लागतो त्या दिवशी त्याच्या बोलण्याला फिर्यादीचे रूप आलेले असते. म्हणूनच त्याचे म्हणणे एकत्र करणे, त्यातील क्षोभ बाजूला सारून अनुभवाचा अंश पारखून घेणे, आणि त्यावरून पुढच्या माणसाला उपयोगी पडेल असा काही निष्कर्ष निघतो काय हे पाहणे, हा उद्योग अवघड असला तरी निरर्थक नाही. या पुस्तकाचे प्रयोजन तेच आहे.

ज्या वाचकाचा या यंत्रांशी प्रत्यक्ष संबंध आलेला नाही त्याच्यासाठी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. एकाच यंत्राची स्मृती, त्याच्या डिस्क, त्याचा प्रोसेसर आणि त्याला जोडलेले नेटवर्क यांची वाटणी एकाच वेळी अनेक कार्यक्रमांत व अनेक माणसांत करणे, कोणती फाईल कोणी वाचावी आणि कोणी बदलावी याचे निर्बंध पाळणे, आणि एखादा कार्यक्रम बिघडला तर त्याच्याबरोबर इतरांना बुडू न देणे, ही कामे कार्यप्रणाली करीत असते. घरच्या संगणकावरही हीच कामे चालतात. परंतु घरचा संगणक रात्री बंद होतो आणि त्याच्या बिघाडाने एकाच माणसाचा खोळंबा होतो, तर सर्व्हर महिनोन्महिने अखंड चालावा अशी अपेक्षा असते आणि तो थांबला की सबंध कचेरी थांबते. आपल्याकडच्या पेढ्यांत व कारखान्यांत ‘सर्व्हर बसला’ एवढे दोन शब्द उच्चारले जाताच बिले निघणे बंद होते, गोदामातला माल गोदामातच राहतो आणि दाराशी उभ्या असलेल्या ट्रकचा चालक चहाला निघून जातो. या परिणामांचे माप लक्षात घेतले म्हणजे, व्यावसायिक मनुष्य कार्यप्रणाली निवडताना नवलाईपेक्षा स्थैर्याला इतके महत्त्व का देतो, हे सहज ध्यानात येते.

अनेक प्रणालींतून या पुस्तकासाठी सेंटओएसची निवड करण्याचे कारण असे की, व्यावसायिक आणि कार्यप्रणाली यांच्यातील संबंधाचे जवळजवळ सर्व प्रकार, म्हणजे विश्वास, आळस, कृतज्ञता, गैरसमज, संताप आणि अखेर शहाणपण, या एकाच प्रणालीच्या वीस वर्षांच्या इतिहासात क्रमाने पाहावयास मिळतात. अमेरिकेतील रेड हॅट ही कंपनी पूर्वी लिनक्स या कार्यप्रणालीची आपली प्रत पेटीत घालून विकत असे, आणि ती इंटरनेटवरून विनामूल्य उतरवूनही घेता येत असे. 2003 मध्ये निघालेली नववी आवृत्ती ही त्या मालिकेतील अखेरची ठरली. कंपनीने आपले सर्व लक्ष ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’ या नव्या उत्पादनाकडे वळविले, ज्याची तयार प्रत वार्षिक वर्गणी भरणाऱ्यासच मिळावयाची होती. परंतु लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, आणि त्याभोवतीची पुष्कळशी साधने ज्या सार्वजनिक परवान्याखाली येतात, त्या परवान्याची अट अशी आहे की, तयार कार्यक्रम ज्याला दिला त्याला त्याचा सोर्स कोडही, म्हणजे ज्यापासून तो बांधला जातो ते मूळ लिखाणही, दिले पाहिजे, आणि तो पुढे इतरांना देण्यास त्याला मज्जाव करता येत नाही. रेड हॅटने या अटीच्या पलीकडे जाऊन, वर्गणीदार असो वा नसो, सर्वांसाठी हा कोड खुला ठेवला. तो उचलावा, त्यातील कंपनीची नावे व बोधचिन्हे काढून टाकावीत, तो पुन्हा बांधावा आणि तयार झालेली प्रणाली जगाला फुकट वाटावी, असा संकल्प काही स्वयंसेवकांनी केला, आणि 2004 मध्ये सेंटओएस जन्मास आले.

या प्रणालीची प्रतिज्ञा विलक्षण होती. मूळ प्रणालीत जे आहे ते सर्व येथे असेल. किंबहुना मूळ प्रणालीत जे दोष आहेत तेही जसेच्या तसे असतील. सुधारणेचा मोह टाळणे हेच जिचे व्रत, अशी वस्तू कारागिराला कदाचित रुचणार नाही. व्यापाऱ्याला मात्र ती मनापासून पटली. डेटाबेस विकणारा अथवा कारखान्याच्या हिशेबाचा कार्यक्रम लिहून देणारा आपला माल रेड हॅटवर तपासून घेतो, मग तो सेंटओएसवरही चालणारच, हा तर्क बिनतोड होता. वेबसाईट ठेवून देणाऱ्या होस्टिंग कंपन्या, विद्यापीठांच्या प्रयोगशाळा, दूरध्वनी-यंत्रणा पुरविणारे व्यावसायिक आणि चार माणसांची कचेरी असलेले व्यापारी, या सर्वांनी तिचा अंगीकार केला. महाराष्ट्रातील मध्यम पेढ्यांत तर असे दृश्य नित्याचे झाले की, पुढच्या टेबलांवर टॅलीसाठी विंडोजचे संगणक आहेत आणि मागच्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत, एक जुना सर्व्हर सांबा या कार्यक्रमाच्या साहाय्याने त्या सर्वांच्या फाईली सांभाळीत आहे. त्यावर कोणती प्रणाली आहे हे मालकाला ठाऊक नाही, आणि ज्या हार्डवेअरवाल्याने ती बसविली तो वार्षिक देखभालीचा करार (एएमसी) संपल्यावर पुन्हा फिरकलेला नाही.

आता या स्थैर्याचे शास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे, कारण वापरणाऱ्यांचे निम्मे गैरसमज त्यातूनच उद्भवतात. 2014 च्या जुलै महिन्यात निघालेल्या सेंटओएस 7 मध्ये लिनक्स कर्नलचा 3.10 हा क्रमांक होता आणि 2024 च्या जूनअखेर तिचा आधार संपला तेव्हाही तोच क्रमांक होता. याचा अर्थ मधल्या दहा वर्षांत काही बदलले नाही असा नव्हे. जगात नव्या कर्नलमध्ये जी दुरुस्ती झाली तिचा आवश्यक तेवढा भाग वेगळा काढून, तो जुन्या कर्नलच्या रचनेत बसेल असा घडवून, तेथे जोडण्याचे कष्टाचे काम रेड हॅटचे अभियंते अविरत करीत होते. या पद्धतीस बॅकपोर्टिंग म्हणतात. तिच्यामुळे बाह्यरूप तेच राहते, कार्यक्रमांशी झालेला तांत्रिक करार मोडत नाही, आणि आतील छिद्रे मात्र बुजविली जातात.

या पद्धतीचा एक विचित्र परिणाम वापरणाऱ्यांच्या वाट्यास येतो, आणि सेंटओएसवर काम केलेल्या बहुतेकांना तो परिचित आहे. सुरक्षेची तपासणी करण्यासाठी आलेला ऑडिटर आपले साधन चालवितो. ते साधन केवळ आवृत्तीचा क्रमांक वाचते आणि जुना क्रमांक दिसताच दोषांची लांबलचक यादी छापते. मग प्रत्येक दोष वस्तुतः दुरुस्त झालेला आहे याची खातरजमा करून देण्यात व्यवस्थापकाचे दिवस जातात. 2014 च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड या नावाने गाजलेला दोष उघडकीस आला तेव्हा हे सर्व प्रश्न एकदम समोर उभे राहिले. ओपनएसएसएल या सुरक्षित संपर्कासाठीच्या सॉफ्टवेअर-संचातील त्या दोषामुळे दूरवरचा कोणीही सर्व्हरच्या स्मृतीचे तुकडे, त्यांत संकेतशब्द आणि गुप्त किल्ल्याही आल्या, वाचू शकत होता. मूळ कर्त्यांनी दुरुस्ती 1.0.1जी या आवृत्तीत दिली. सेंटओएस 6 ची दुरुस्त प्रत मात्र पूर्वीच्याच 1.0.1ई या नावाने आली, आणि ‘आमचा सर्व्हर सुरक्षित आहे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर क्रमांक पाहून देता येईना. गंमत अशी की, ज्यांनी आळसाने म्हणा वा सावधपणाने म्हणा, सेंटओएस 5 सोडले नव्हते, त्यांना या दोषाची बाधाच झाली नाही. त्यांच्याकडील ओपनएसएसएल इतके जुने होते की दोष ज्या सोयीत होता ती सोयच त्यात नव्हती. जुने ते सुरक्षित असा भलताच सिद्धांत काहींनी यावरून काढला. तो अर्थातच टिकणारा नव्हता. परंतु नवी आवृत्ती येताच ती घेण्याची घाई न करण्याची व्यापाऱ्याची वृत्ती सर्वस्वी अडाणीपणाची नसते, एवढे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

असा हा व्यवहार सुखाने चालला असता त्यात धोक्याच्या खुणा नव्हत्या असे म्हणता येणार नाही. 2009 च्या जुलैत प्रकल्पाच्या सहकाऱ्यांनी आपल्याच एका संस्थापकाला उद्देशून उघड पत्र प्रसिद्ध केले. डोमेनचे नाव त्याच्या ताब्यात होते, आणि तो दीर्घकाळ कोणाला भेटत नव्हता. काही दिवसांतच तो तंटा मिटला. पण जगभरच्या असंख्य सर्व्हरांचा आधार एका माणसाच्या उपस्थितीवर टेकलेला आहे, हे त्यातून उघड झाले. पुढे रेड हॅटची सहावी आवृत्ती 2010 च्या नोव्हेंबरात निघाली आणि सेंटओएसची सहावी आवृत्ती 2011 च्या जुलैत, म्हणजे आठ महिन्यांनी आली. त्याच सुमारास पाचव्या आवृत्तीच्या दुरुस्त्याही रेंगाळल्या, आणि जे दोष जगजाहीर झाले होते त्यांवरील उपाय येईपर्यंत वाट पाहण्यावाचून वापरणाऱ्याला गत्यंतर नव्हते. दाद मागावी तर कोणाकडे? स्वयंसेवकांशी कोणाचाही करार झालेला नव्हता. सहाव्या आवृत्तीपासूनच रेड हॅटने आपल्या कर्नलवरील दुरुस्त्या सुट्या सुट्या न देता एकत्र मिसळून देण्यास आरंभ केला. तिचाच कोड घेऊन 2006 पासून स्वतःचे लिनक्स विकणाऱ्या ओरॅकलसारख्या प्रतिस्पर्ध्यास शह देण्याचा तो डाव आहे असे तेव्हा बोलले गेले. फुकट वापरणाऱ्या व्यावसायिकांनी मात्र या सर्व खुणांकडे ‘चालते आहे ना’ या एका वाक्याने डोळेझाक केली.

2014 च्या जानेवारीत रेड हॅटने सेंटओएस प्रकल्पाला आपल्या छत्राखाली घेतले, त्याच्या प्रमुख कार्यकर्त्यांना नोकरीस ठेवले, आणि बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आता विलंब होणार नाही, आता कोणी एक माणूस नाहीसा झाल्याने काम अडणार नाही, असा हिशेब होता, आणि काही काळ तो खराही ठरला. ज्याच्या उत्पन्नावर या फुकट प्रणालीचा परिणाम होत होता त्याच्याच हाती तिचा कारभार गेला आहे, ही गोष्ट त्या आनंदात फारशा कोणी बोलून दाखविली नाही. पुढे आयबीएमने 34 अब्ज डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतली. तो व्यवहार 2018 च्या ऑक्टोबरात जाहीर होऊन 2019 च्या जुलैत पुरा झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सेंटओएस 8 निघाले आणि त्याचा आधार 2029 पर्यंत मिळेल असे सर्वांनी गृहीत धरले. युरोपातील सर्न आणि अमेरिकेतील फर्मीलॅब या दोन विख्यात भौतिकी-प्रयोगशाळांचा आधार लाभलेले सायंटिफिक लिनक्स याच कोडापासून बांधले जात असे. त्याची आठवी आवृत्ती न काढता आता सेंटओएसच वापरावे असा निर्णय 2019 मध्ये झाला, यावरून त्या काळच्या विश्वासाची खोली मोजता येईल.

8 डिसेंबर 2020 रोजी जाहीर झाले की, सेंटओएस 8 चा आधार 31 डिसेंबर 2021 रोजी संपेल, आणि यापुढे प्रकल्पाचे लक्ष सेंटओएस स्ट्रीम या वेगळ्या प्रवाहावर राहील, जो रेड हॅटच्या मागून न येता तिच्या पुढच्या आवृत्तीच्या थोडा आधी चालेल. आठ वर्षांहून अधिक उरलेली मुदत एका निवेदनाने जेमतेम वर्षावर आली. त्याहून चमत्कारिक स्थिती अशी की, जुन्या सेंटओएस 7 ची मुदत 2024 पर्यंत अबाधित राहिली; म्हणजे ज्याने तत्परतेने नवी आवृत्ती घेतली त्याला आधी उठावे लागले, आणि जो जागचा हलला नव्हता तो अडीच वर्षे अधिक राहिला. ज्यांनी नुकतेच शेकडो सर्व्हर आठव्या आवृत्तीवर नेले होते, ग्राहकांना लेखी मुदती दिल्या होत्या, पुढील अंदाजपत्रके मांडली होती, त्यांचा क्षोभ या पुस्तकाच्या मध्यभागी साठलेला आहे, आणि तो वाचताना वाचकाची सहानुभूती त्यांच्याकडे जाणे स्वाभाविक आहे.

तथापि या प्रसंगाचे यथार्थ आकलन व्हावयाचे तर आपल्याच मुलखाच्या जुन्या महसुली व्यवस्थेकडे दृष्टी टाकावी. पेशवाईतील गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे, त्यापायी त्याला सारा भरावा लागे, आणि जोवर तो सारा भरी तोवर त्याला सहसा कोणी उठवू शकत नसे. उपरी मात्र ठरलेल्या मुदतीच्या बोलीवर कशी, आणि ती बोली संपली की त्याच्या हातात काही उरत नसे. पिढ्यान्‌पिढ्या एकच शेत कसणाऱ्या उपऱ्याला आपण मिरासदार आहोत असे वाटू लागले तर त्याला हसता येणार नाही, पण दप्तरात त्याचे नाव कोणत्या सदराखाली आहे हा प्रश्न त्या वाटण्याने बदलत नाही. सेंटओएस वापरणाऱ्या व्यावसायिकांची स्थिती नेमकी अशी होती. त्यांच्यापाशी सोळा वर्षांची वहिवाट होती, सनद नव्हती. प्रणाली त्यांची होती, तिची तयार प्रत त्यांच्यापासून कोणी हिरावून घेतली नाही, परवान्याने दिलेले स्वातंत्र्यही अक्षत राहिले. फक्त ‘उद्याही दुरुस्ती येईल’ ही जी गोष्ट त्यांना सर्वांत मोलाची होती, तिचा उल्लेख त्या परवान्यात कधीच नव्हता. मुक्त परवाना वस्तूची मालकी देतो, सेवेची मुदत देत नाही. हा भेद कायद्याच्या कागदावर पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता. व्यापाऱ्यांच्या मनात तो 2020 च्या डिसेंबरात उमटला.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. दहा वर्षे एकाच कर्नलवर दुरुस्त्या जोडीत राहण्याचे काम नीरस, जोखमीचे आणि खर्चाचे आहे. ते करणाऱ्यांचे पगार वर्गणीतून निघतात, आणि ज्या कंपन्या त्या श्रमाचे फळ घेऊन वर्गणी चुकवीत होत्या त्यांत केवळ गरीब पेढ्या नव्हत्या, धनाढ्य संस्थाही होत्या. पुण्यात रेड हॅटचे मोठे अभियांत्रिकी केंद्र आहे. अर्थात या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंची माणसे आपल्याच शहरांत एकमेकांच्या शेजारी राहतात, आणि फुकट प्रणालीचा आग्रह धरणाऱ्या व्यावसायिकाला ज्याचा पगार परवडत नाही असा अभियंता कदाचित त्याच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर असेल. निवेदनानंतर उसळलेला असंतोष पाहून कंपनीने 2021 च्या जानेवारीत सोळा यंत्रांपर्यंत मूळ प्रणाली विनामूल्य वापरण्याची मुभा जाहीर केली. लहान व्यापाऱ्याची गरज तेवढ्यात भागणारी होती. तरीही एक आक्षेप शिल्लक राहतोच. निर्णयाचा अधिकार कंपनीला होता हे मान्य केले, तरी सर्वांनी गृहीत धरलेली मुदत मधेच मागे घेण्यात जो विश्वासभंग झाला त्याची किंमत कंपनीलाच पुढे मोजावी लागली, कारण वर्गणी भरणारा ग्राहकही तो प्रसंग पाहत होता आणि आपल्या करारातील बारीक अक्षरे प्रथमच वाचीत होता.

पुढील घटना थोडक्यात सांगता येतात. सेंटओएसच्या आरंभीच्या कर्त्यांपैकी ग्रेगरी कुर्टझर यांनी, दिवंगत सहकारी रॉकी मॅकगॉ यांच्या स्मरणार्थ, रॉकी लिनक्सचा घाट घातला. क्लाउडलिनक्स कंपनीने अल्मालिनक्स काढून ते एका स्वतंत्र प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केले. 2021 च्या मार्चअखेर अल्मा आणि जूनमध्ये रॉकी वापरासाठी तयार झाले, आणि दोहोंनी अशी साधने पुरविली की चालू सर्व्हर जागच्या जागी एका प्रणालीतून दुसरीत जावा. ज्यांना आपल्यावर आकाश कोसळल्यासारखे वाटले होते त्यांपैकी पुष्कळांचे स्थलांतर एका रविवारच्या दुपारी पुरे झाले, हे या अनुभवांतील सर्वांत उद्बोधक प्रकरण आहे. 2022 च्या अखेरीस सर्न आणि फर्मीलॅब यांनी अल्माची निवड केली. 2023 च्या जूनमध्ये रेड हॅटने आपला सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवण्याची जुनी प्रथा थांबवून तो स्ट्रीमपुरता मर्यादित केला, आणि आपल्या प्रणालीचा पूर्ण कोड केवळ ग्राहकांसाठी राखला. त्यावर अल्माने जशीच्या तशी प्रतिकृती करण्याचा हट्ट सोडून कार्यक्रम सुसंगत चालतील एवढेच ध्येय ठेवले, तर रॉकीमागील सीआयक्यू, ओरॅकल आणि सुसे या कंपन्यांनी ऑगस्टमध्ये एकत्र येऊन कोड उपलब्ध ठेवण्यासाठी संघ स्थापन केला. वाद अद्याप मिटलेला नाही, आणि येथे त्याचा निवाडा करण्याचे कारणही नाही.

येथवर वाचून कोणी असा सिद्धांत काढील की, फुकट घेतले म्हणून फसले, पैसे मोजले असते तर ही वेळ आली नसती. तो सिद्धांत अर्धाच खरा आहे. नव्वदच्या दशकात कचेऱ्यांतील फाईली आणि छपाई सांभाळण्याच्या कामी नॉव्हेलच्या नेटवेअरचा दबदबा होता, आणि ते रोख पैसे मोजूनच घेतले जात असे. त्या नॉव्हेलनेच 2003 मध्ये सुसे लिनक्स विकत घेण्याचा करार केला आणि नेटवेअरचा मार्ग हळूहळू संपला. विंडोज सर्व्हर 2003 चा आधार 14 जुलै 2015 रोजी आणि सर्व्हर 2012 चा 10 ऑक्टोबर 2023 रोजी थांबला, आणि त्यानंतरही ज्यांना राहावयाचे होते त्यांना जादा दुरुस्त्यांसाठी वेगळे दाम मोजावे लागले. फरक एवढाच की, या तारखा पुष्कळ आधी जाहीर झालेल्या होत्या आणि पाळल्या गेल्या. पैशाने मुदत वाढत नाही, मुदतीचा भरवसा वाढतो. आणि जुन्या आवृत्तीवरील कार्यक्रम नवीवर चालत नाही, तो लिहून देणारा सापडत नाही, मालकाला खर्च पटत नाही, या कारणांनी जाहीर तारीखही उलटून जाऊ देणारे व्यावसायिक दोन्ही गोटांत सारखेच आढळतात.

या अनुभवांचे वाचन कसे करावे, याविषयी दोन शब्द. ज्याचे स्थलांतर सुकर झाले तो ते श्रेय प्रणालीला देतो आणि ज्याचे अवघड झाले तो दोषही प्रणालीलाच देतो. वस्तुतः कथने शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे दिसते की, निर्णायक गोष्ट बहुधा तिसरीच होती. ज्यांच्याकडे कोणत्या यंत्रावर काय चालते याची लेखी याद होती, ज्यांचा बॅकअप केवळ घेतला जात नव्हता तर परत उतरवून पाहिलाही जात होता, आणि ज्यांची प्रणाली जाणणारा मनुष्य पगारी वा करारबद्ध का होईना पण हाकेच्या अंतरावर होता, त्यांनी मुदत संपण्याचा धक्का पचविला. ज्यांचे सर्व ज्ञान नोकरी सोडून गेलेल्या एका सिस्टीम अ‍ॅडमिनच्या डोक्यात होते, त्यांच्यासाठी कोणतीही प्रणाली, फुकट असो वा विकत, तितकीच घातक ठरली. मक्ता देऊन काम करून घेता येते, समजूत मक्त्याने मिळत नाही.

यास्तव जो व्यावसायिक नवा सर्व्हर मांडावयाच्या बेतात आहे त्याने गुणदोषांचे तक्ते अवश्य पाहावेत, पण निर्णयाच्या कागदावर तीन गोष्टी स्वतःच्या हाताने लिहून ठेवाव्यात: दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत येणार असे कोणी म्हटले आहे, ते म्हणणे मोडले गेले तर त्याचे उत्तरदायित्व कोणावर आहे, आणि येथून निघून दुसरीकडे जावयाचे तर वाट कोणती, वेळ किती, खर्च किती. पहिल्या दोन प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळत नसेल तर फुकट प्रणाली घेऊ नये असा याचा अर्थ नाही. अल्मा असो, रॉकी असो वा डेबियन हे दुसरे मुक्त लिनक्स असो, ज्याच्यापाशी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयार आहे त्याने ती निःशंकपणे घ्यावी, कारण मुक्त परवान्याने त्याला दिलेली खरी देणगी निघून जाण्याचे स्वातंत्र्य ही आहे, आणि 2021 मध्ये एका रविवारच्या दुपारी घर बदलणाऱ्यांनी तिचाच लाभ घेतला. उलट ज्याला ती वाट राखण्याची सवड नाही, माणूस ठेवण्याची ऐपत नाही, त्याने वर्गणी भरावी आणि करार नीट वाचावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. या दोहोंपैकी एकाही मार्गाने न जाता केवळ चालले आहे म्हणून स्वस्थ राहणे, हा तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त भासतो, आणि पुढील पृष्ठांतील बहुतेक महागडी कथने त्याच मार्गावरील आहेत.